जुन्या सहाचाकी टिपरचा मागचा एक्सल वारंवार तुटतो. हौसिंगला पट्टी मारून मोठे टायर टाकावेत का?

तुमची गाडी २००७ ची सहाचाकी टिपर, काम शिळफाटा-तळोजा पट्ट्यात खदानीतून खडी आणायचं. आठ महिन्यांत मागच्या एक्सलचा शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) दोनदा तुटला, दोन्ही वेळा डावीकडचाच. मेस्त्री म्हणतो, हौसिंगला (एक्सलच्या बाहेरच्या पोकळ आवरणाला) खालून पट्टी वेल्ड करून मारा आणि ९.००-२० च्या जागी १०.००-२० टायर चढवा.

माझं मत: टायर बदलू नका. पट्टी लागेलही, पण आज नाही. तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची माहिती ‘दोन्ही वेळा डावीकडचाच’ ही आहे. शाफ्ट कमजोर असता तर कधी डावा, कधी उजवा गेला असता. एकच बाजू पुन्हा जाते तेव्हा दोष बहुतेक त्या बाजूच्या हौसिंगमध्ये किंवा हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागात, असतो.

या वर्गातल्या ट्रकचा मागचा एक्सल सहसा फुल-फ्लोटिंग असतो. गाडीचं वजन हौसिंग आणि हबची बेअरिंगं पेलतात, शाफ्ट फक्त चाक फिरवतो. शाफ्ट ओढून बाहेर काढला तरी चाक जागेवर उभं राहतं. त्यामुळे तो नुसत्या वजनाने तुटत नाही. एक तर तो पिळवटून तुटतो, नाहीतर हौसिंग वाकल्यामुळे किंवा बेअरिंग सैल झाल्यामुळे प्रत्येक फेऱ्याला थोडा थोडा वाकून थकतो.

तुटलेले तुकडे भंगारात दिले नसतील तर आधी ते बघा. स्प्लाइनचे (शाफ्टच्या आतल्या टोकावरच्या खाचांचे) दाते दोरीसारखे पिळले असतील तर एकदम मोठा झटका बसलाय. तुटलेल्या तोंडावर शिंपल्यासारख्या गुळगुळीत रेषा असतील आणि तुटलेली जागा फ्लँजजवळ (हबला बोल्टने बसणाऱ्या चकतीजवळ) असेल, तर ती थकव्याची भेग आहे आणि शाफ्ट वाकत होता. दुसऱ्या प्रकारात नवा शाफ्ट कितीही भारी घ्या, तोही जाईल.

मग हौसिंग मोजा. गाडी रिकामी करून सपाट काँक्रीटवर उभी करा. मागच्या बाहेरच्या टायरच्या फुगवट्यापासून थोडं लांब ओळंबा सोडा आणि रिमच्या वरच्या व खालच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर घ्या. चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजा, म्हणजे रिमचाच वाकडेपणा असेल तर सरासरीत निघून जातो. दोन्ही बाजू मोजा, कारण जमिनीचा उतार एका बाजूला वाढतो तेवढाच दुसऱ्या बाजूला कमी होतो. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) हौसिंगला दोन चाकांच्या मध्ये खाली दाबतात आणि चाकं टोकांना वर रेटतात. त्यामुळे वाकलेलं हौसिंग मध्ये झुकतं, चाकांची डोकी आत येतात आणि जोडीतला आतला टायर आधी झिजतो. २० इंची रिमवर ३ मिमी फरक म्हणजे साधारण एक तृतीयांश अंश. एवढा फरक दिसला तर मी एक्सल खोलायला सांगेन.

त्याच वेळी पाट्याच्या पुढच्या ब्रॅकेटपासून एक्सलपर्यंतचं अंतर दोन्हीकडे टेपने घ्या. ५ मिमीहून जास्त फरक असेल तर पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटून एक्सल सरकलाय. हे फार वेळा घडतं आणि कोणी बघत नाही.

हबची बेअरिंगं: चाक फिरवत नट घट्ट करायचा, मग पाव फेरा मागे घ्यायचा आणि डायल गेजवर (काट्याच्या मापकावर) खेळ, म्हणजे ढिलेपणा, ०.०२५ ते ०.१२५ मिमीच्या आत आणायचा. हाताने हलवून ‘ठीक आहे’ म्हणणं पुरेसं नाही. तेवढा खेळ हाताला कळतच नाही.

हौसिंग वाकलेलं निघालं तर ते हायड्रॉलिक प्रेसवर थंडच सरळ करून घ्या. गॅसने लाल करून सरळ केलेलं हौसिंग त्या जागी मऊ पडतं आणि पुन्हा तिथेच वाकतं. सरळ झाल्यावर डाय पेनेट्रंटने भेगा तपासा. क्लीनर, लाल रंग, पांढरा डेव्हलपर अशा तीन बाटल्या असतात. लाल रंग दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचा. पाटे जिथे टेकतात त्या बैठकीच्या कडा आणि डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना पीळ वाटणाऱ्या गिअरचा) गोल भाग जिथे नळीला मिळतो ती जागा बारकाईने बघा. गोल भागातच भेग असेल तर डागडुजीत पैसे घालू नका. त्याच पार्ट नंबरचं सरळ हौसिंग शोधा आणि घेण्याआधी तेही मोजा.

पट्टीचं काम आता. हौसिंग ओतीव लोखंडाचं असेल तर वेल्डिंगचा विषयच सोडा. दाबलेल्या पोलादी पत्र्याचं असेल तर करता येतं. दोन बैठकींच्या मधल्या भागात खालची बाजू ताणाखाली असते, म्हणून पट्टी खालून लागते. आयएस २०६२ ची (साध्या बांधकामी पोलादाची) ६ ते ८ मिमी प्लेट पुरते. कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये तुकड्यातही मिळते. पट्टी बैठकीच्या काठावर संपवू नका, ती पुढे जाऊ द्या आणि टोकं माशाच्या तोंडासारखी कापा. टोकाला आडवा टाका घातलात तर भेग तिथूनच सुरू होईल. टाके फक्त लांबीच्या कडांनी.

वेल्डिंगआधी तेल काढा, शाफ्ट आणि हब उतरवा, डिफरन्शियलच्या तोंडावर जुना रिकामा कॅरिअर (आतले गिअर धरणारा सांगाडा) बोल्टने कसा. रिकामं तोंड उष्णतेने वेडंवाकडं होतं आणि मग क्राउन-पिनियनची (एक्सलमधल्या मुख्य गिअरजोडीची) बैठक कधीच जमत नाही. वेल्डिंगचा रॉड ई७०१८, ३.१५ मिमी. तो ओव्हनमध्ये सुमारे ३०० अंशांवर तासभर तरी भाजलेला हवा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत उघड्या पाकिटातला रॉड ओल धरतो, वेल्डमध्ये हायड्रोजन जातो आणि भेग दुसऱ्या दिवशी दिसते. एका वेळी ४०-५० मिमीचा टाका, मग समोरच्या बाजूला, मग दुसऱ्या टोकाला. हात लावता येईल इतकं निवल्यावर पुढचा. पाणी मारायचं नाही. अर्थिंगचा चिमटा हौसिंगवरच लावा. दुसरीकडे लावला तर करंट बेअरिंगमधून जाऊन रोलर डागाळतो. झाल्यावर ओळंब्याचं माप पुन्हा घ्या, कारण वेल्ड आकसताना हौसिंग ओढलं जातं.

शाफ्टबद्दल. तुटलेला जोडून वापरू नका. नवा घेताना डिफरन्शियलमधल्या बाजूच्या गिअरच्या स्प्लाइन बघा. त्या झिजल्या असतील तर नवा शाफ्ट तिथे खडखडत राहील. व्यास १० टक्क्यांनी वाढला तर पीळ सोसायची ताकद ३३ टक्क्यांनी वाढते, म्हणून जाड शाफ्ट घ्यावासा वाटतो. पण मग पुढचा कमजोर दुवा क्राउन-पिनियन ठरतो. शाफ्ट दोन तासांत बदलतो, क्राउन-पिनियनला सगळं उघडावं लागतं. मी मूळ मापाचाच चांगला फोर्ज्ड शाफ्ट घेईन.

टायर. ९.००-२० चा व्यास साधारण १०२० मिमी, १०.००-२० चा १०५५. हौसिंगखाली मिळणारी जादा जागा त्याच्या निम्मी, म्हणजे १७ मिमी. त्याच्या बदल्यात चाक दगडात पकड घेतं तेव्हा शाफ्टवरचा पीळ साडेतीन टक्क्यांनी वाढतो आणि चढावर गाडी ओढायचा जोर तेवढाच कमी होतो. शिवाय रिम ७.० वरून ७.५ इंची करावी लागते, नाहीतर जोडीतले टायर घासतात. ९.००-२० याच मापात मागे लग पॅटर्न (जाड, खोल खाचांचे टायर) घ्या, खदानीत फरक त्यानेच पडेल. चिखलासाठी भरल्या गाडीची हवा कमी करू नका; जोडीतल्या टायरच्या भिंती एकमेकींना लागून तापतात आणि फुटतात.

डिफ लॉक (मागची दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारी सोय) बसवायचा असेल तर एक गोष्ट आधी समजून घ्या. उघड्या डिफरन्शियलमध्ये पीळ दोन्ही शाफ्टमध्ये निम्मा-निम्मा जातो. लॉक लागल्यावर एक चाक अधांतरी असेल तर सगळा पीळ पकड असलेल्या एकट्या शाफ्टवर येतो. म्हणून तो गाडी थांबवून, सरळ रेषेत, पहिल्या गिअरमध्ये लावायचा आणि डांबरी रस्ता लागायच्या आत काढायचा. लॉक नसेल तर ड्रायव्हरभाऊंना एवढंच सांगा: चाक फिरायला लागलं की ॲक्सिलरेटर सोडा. जोरात फिरणारं चाक अचानक दगडावर पकड घेतं, त्या क्षणी शाफ्ट पिळतो.

पावसाळ्याआधी एक्सलचा ब्रीदर (हवा ये-जा करायचं तोंड) वर घ्या. तापलेला एक्सल पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. रबरी नळी चासीच्या वरपर्यंत नेऊन तोंड खाली वळवा. तेल दुधाळ दिसलं तर त्याच दिवशी बदला.

पाटे वाढवण्याच्या मी विरोधात आहे. रिकामी गाडी उडायला लागते आणि तोच धक्का ब्रॅकेट व चासीवर जातो. तुटलेला पाटा बदला, यू-बोल्ट नवे घाला, बस.

आणि माल किती भरता ते तुम्ही लिहिलेलं नाही. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, खडीचे साधारण साडेचार टन. तुमच्या वर्गाच्या गाडीचं आरसीवरचं एकूण वजन १६.२ टन, रिकामी साडेसहा-सात. म्हणजे दोन ब्रास बसतात. तीन ब्रास टाकत असाल तर हौसिंग वाकण्याचं कारण तेच आहे. पट्टी मारली म्हणून आरसीवरचा आकडा वाढत नाही. जादा वजनाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० दंड आहे. पासिंग दरवर्षी आहेच, त्यामुळे आरसीशी न जुळणारा कोणताही बदल करण्याआधी तुमच्या पनवेल आरटीओत विचारून घ्या. गाडीतल्या बदलांचं कलम ५२ तिथे लागतं.

काम झाल्यावर पहिल्या भरल्या फेरीनंतर आणि पुन्हा हजार किलोमीटरला यू-बोल्ट व फ्लँजचे नट टॉर्क रेंचने कसा. तीन महिन्यांनी डाव्या चाकाला ओळंबा पुन्हा लावा आणि आकडा आजच्या आकड्याशेजारी लिहून ठेवा.