डब्यात बीटल असते, ॲम्बॅसॅडर का नसते?

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न कारच्या प्लॅस्टिक किटबद्दलचे, म्हणजे सुटे भाग जोडून छोटी गाडी बनवायच्या डब्यांबद्दलचे आहेत. म्हणून विमानं आणि रणगाडेवाल्यांनी थोडं थांबावं, त्यांची पाळी पुढं.

प्रश्न : सर, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. किटच्या याद्या चाळल्या की फिरून फिरून त्याच गाड्या दिसतात. पोर्श, बीटल, मस्टँग, स्कायलाइन. जगात एवढ्या गाड्या झाल्या, मग ह्याच का? आणि सगळ्यांत जास्त किट निघाले ते कोणत्या गाडीचे? (लातूर)

अमेरिका, जपान आणि युरोप, तिन्हीकडचं उत्तर वेगळं आहे. अमेरिकेत १९३२ ची फोर्ड, १९५७ ची शेव्हरले बेल एअर, मस्टँग आणि कॉर्व्हेट. जपानमध्ये स्कायलाइन जीटी-आर, लॅम्बॉर्गिनी काउंटाश, फेरारी एफ-४०. युरोपात बीटल, मिनी, जॅग्वार ई-टाइप. या तिन्ही याद्यांत हमखास सापडणारी गाडी म्हणजे पोर्श ९११. रस्त्यावरच्या आणि शर्यतीच्या सगळ्या आवृत्त्या धरल्या, तर माझं मत ९११ च्या पारड्यात. बीटल तिच्या मागोमाग.

आता ‘ह्याच का’ याकडं येऊ. किटचा खरा खर्च प्लॅस्टिकचा नसतो, तो पोलादी साच्याचा असतो. पॉलिस्टायरिन वितळवून त्या साच्यात दाबानं भरायचं, थंड झालं की चौकटीसकट भाग बाहेर. हा साचा कोरणं म्हणजे बोअर घेण्यासारखं आहे : सगळा पैसा आधी जमिनीत घालायचा, पाणी लागलं तर पुढं वर्षानुवर्षं उपसा. म्हणून कंपनी गाडी निवडताना विचार करते की एकाच साच्यातून किती डबे निघतील.

१९३२ ची फोर्ड घ्या. सामान्य माणसाला परवडणारं व्ही-८ इंजिन फोर्डनं त्या वर्षी पहिल्यांदा दिलं. युद्धानंतर अमेरिकेतल्या पोरांनी ह्याच जुन्या गाड्या स्वस्तात घेऊन, मडगार्ड काढून, इंजिनं बदलून पळवल्या. १९५९ मध्ये एएमटी या अमेरिकन कंपनीनं तिचा १/२५ चा, म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्शाएवढा किट काढला. एका डब्यातून तीन प्रकारे गाडी बनवा, मूळची, सजवलेली किंवा शर्यतीची, ही त्यांची पद्धत. पुढं नव्वदच्या दशकात रेव्हेल या किट कंपनीनं चॅसिस तीच ठेवून वर रोडस्टर, कूपे, सेडान अशा वेगवेगळ्या बॉड्या दिल्या. साच्याचे काही भाग बदलले की नवा डबा तयार.

९११ चं तेच. १९६३ ला फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती ‘९०१’ म्हणून आली, पण मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोनं हक्क सांगितला, म्हणून ९११ झाली. तेव्हापासून इंजिन मागं, दिवे बहुधा गोल, छपराचा उतार तसाच. पाठीमागचे फेंडर रुंद केले की टर्बो, आणखी रुंद केले की शर्यतीच्या ९३४, ९३५. जपानच्या तामिया कंपनीनं १/१२ मापाची ९३४ करायची ठरवली, तेव्हा खरी ९११ विकत घेऊन तिचा एकेक भाग सुटा केला होता. १९७६ ला किट आला आणि त्याच बॉडीवर कंपनीची पहिली रिमोटची मोटार निघाली.

दुसरं कारण गिऱ्हाईक. किट विकत घेणारा बहुधा चाळिशीच्या पुढचा असतो आणि तो लहानपणी भिंतीवर चिकटवलेली गाडी शोधतो. काउंटाश १९७१ ला जिनिव्हात दाखवली गेली, १९७४ पासून विकली गेली आणि १९७० च्या दशकाच्या शेवटी जपानी पोरांना सुपरकारचं वेड लागलं. म्हणून तामिया, फुजिमी, आओशिमा तिघांकडंही काउंटाश आहे. रस्त्यावरच्या खपाशी मात्र ह्याचा संबंध कमीच. कोरोला हे जगात सगळ्यांत जास्त विकल्या गेलेल्या नावांपैकी एक. पण किटच्या दुकानात कोरोला मागितली, तर बहुतेक वेळा १९८३ ते ८७ ची एई-८६ च समोर येते. मागच्या चाकांना ओढ असलेली, घाटात आडवी पळवता येणारी. बाकीच्या कोट्यवधी कोरोला ऑफिसला गेल्या आणि परत आल्या, त्यांचा किट कोण काढणार!

प्रश्न : वडील एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. त्यांच्या वाढदिवसाला ॲम्बॅसॅडर, पद्मिनी नाहीतर आपल्याकडच्या काळीपिवळी जीपचं किट द्यायचं आहे. कुठं मिळंल? (परभणी)

तामिया, रेव्हेल, एअरफिक्स, हासेगावा यांच्या यादीत ॲम्बॅसॅडर नाही, पद्मिनीही नाही. वरच्या उत्तरातलं गणितच इथं लागू पडतं. ॲम्बॅसॅडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री. ती इंग्लंडातही कुणाच्या भिंतीवर नव्हती, घरासमोर असायची. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ॲम्बॅसॅडर मे २०१४ पर्यंत निघत राहिली, पण तिच्यावर जीव असलेली माणसं राहतात आपल्या देशात, आणि इथं किट घेणारे अजून मोजके. कंपनी साचा कोरेल कशाला? मला स्वतःला याची चीड येते, पण हिशेब चुकीचा म्हणता येत नाही.

जीपच्या बाबतीत मात्र नशीब चांगलं आहे. महिंद्रांनी गाड्यांची सुरुवात केली तीच विलीज जीप जोडून, आणि युद्धकाळातली विलीज एमबी ही किटच्या दुनियेत सगळ्यांत जास्त निघालेल्या गाड्यांपैकी आहे. ती मोटारींच्या नव्हे, लष्करी वाहनांच्या फडताळात शोधा, माप १/३५. तामियाची सहज मिळते आणि बांधायला सोपी. लष्करी एमबीच्या समोरच्या जाळीला नऊ फटी असतात, पुढच्या नागरी जीपला सात. महिंद्रांची जुनी सीजे-३बी हवी असेल, तर बॉनेट उंच करावं लागेल, कारण तिचं इंजिनच उंच होतं. प्लॅस्टिक शीटचे तुकडे चिकटवून, पुट्टी भरून, वॉटर पेपरनं घासलं की जमतं. दहा माणसं आत आणि चार मागं लटकलेली अशी काळीपिवळी हवी असेल, तर चॅसिस कापून लांब करा. वडील मेकॅनिक आहेत म्हणता, त्यांना ह्या कामात किटपेक्षा जास्त मजा येईल.

आणखी एक वाट जिप्सीची. ती मुळात सुझुकी जिम्नी. हासेगावाची १/२४ जिम्नी मिळते, पण जपानी गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, २०३० मिलिमीटर आणि आपल्या जिप्सीचा २३७५. म्हणजे मॉडेलमध्ये मधोमध सुमारे १४ मिलिमीटरची भर घालायची.

प्रश्न : मी शेंद्रा एमआयडीसीत कार जोडणीच्या लाइनवर आहे. आम्ही जोडतो त्या ऑडी, स्कोडाचे किट निघतात का? (छत्रपती संभाजीनगर)

शोरूममधल्या सेडान आणि एसयूव्ही फार कमी. ज्या निघाल्या त्या शर्यतीच्या धुळीतून आलेल्या. ऑडीची क्वात्रो १९८० ला आली आणि चारही चाकांना ओढ देऊन तिनं रॅलीचा खेळच बदलला. तिचे किट आहेत, आर-८ चेही आहेत. स्कोडात बेल्जियमच्या बेलकिट्सची रॅलीवाली फाबिया बघा. तुम्ही रोज खरं हार्नेस बसवता, तर त्या किटमधल्या दोऱ्याएवढ्या वायरींवर नाक मुरडू नका.

प्रश्न : १/२४, १/२५, १/३२ यांत नेमका फरक किती पडतो? एकाच कपाटात ठेवले तर विचित्र दिसेल का? (नांदेड)

खऱ्या गाडीची लांबी त्या आकड्यानं भागा. बीटल सुमारे ४.०७ मीटर. १/२४ मध्ये १७ सेंटिमीटर, १/२५ मध्ये सव्वासोळा, १/३२ मध्ये पावणेतेरा. पहिल्या दोघांतला फरक डोळ्याला जाणवत नाही, खुशाल शेजारी ठेवा. १/३२ वेगळ्या कप्प्यात. १/२५ हे अमेरिकेचं माप, कारण तिथल्या डीलरांकडं रंग दाखवायला ठेवलेली मॉडेलं त्याच मापाची होती आणि किट त्यांतूनच जन्मले. जपानी कंपन्या १/२४ वर ठाम आहेत.

प्रश्न : ५७ ची बेल एअर दोन डब्यांत मिळतेय, एक जवळपास निम्म्या किमतीत. दोन्हींवर चित्र झकास. फरक कसा ओळखावा? (जालना)

चित्रावर जाऊ नका. डबा नवा असतो, आतला साचा तुमच्या वडिलांच्या वयाचा असू शकतो. एएमटीचे साचे मूळ कंपनीकडून लेस्नीकडं, तिथून अर्टलकडं आणि आता राउंड टू कडं आले. रेव्हेल आणि मोनोग्राम १९८६ मध्ये एकत्र आल्या, त्यामुळं एकाचा साचा दुसऱ्याच्या नावानं विकला जातो. स्केलमेट्स नावाच्या संकेतस्थळावर किटचा क्रमांक टाकला की त्याची सगळी वंशावळ निघते : साचा कधीचा, आधी कुणाच्या डब्यात होता.

डबा उघडायला मिळाला तर भागांच्या कडा बघा. साचा झिजला की दोन पाटांच्या फटीतून प्लॅस्टिक झिरपतं आणि कडेला पातळ पापुद्रा राहतो. तो चाकूनं निघतो, पण शंभर भागांचा काढायचा म्हणजे आठवडा जातो. खिडक्यांची काच जाड आणि लाटेरी असेल, तर तीही जुन्या साच्याची खूण. ब्रेकची तबकडी आणि चाक एकाच तुकड्यात ओतलेलं असेल, तर समजा साच्याला बरीच वर्षं झाली.

तरीही बेल एअर पहिल्यांदाच करत असाल, तर मी स्वस्तातली घ्या म्हणेन. पापुद्रे काढता काढता हात बसतो. आणि त्या शेपटीच्या पंखांवरची क्रोमची पट्टी बिघडली, तर काळीज तुटत नाही.

प्रश्न : एप्रिलमध्ये स्प्रे केला तर रंग खरखरीत झाला. पावसाळ्यात केला तर पांढुरका. डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं) लावले, त्यांच्याभोवती पांढरे डाग. काय चुकतंय? (बीड)

तिन्ही गोष्टी तुमच्या हाताच्या नाहीत, आपल्या हवापाण्याच्या आहेत.

उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की रंगाचा थेंब गाडीवर पोचण्याआधी हवेतच सुकतो आणि पृष्ठभागावर भुकटी बसते. सकाळी सातच्या आत रंगवा, नोझल जवळ आणा, एअरब्रश असेल तर सावकाश सुकणारा थिनर वापरा. कूलर चालू असलेल्या खोलीत अजिबात नको. त्याची ओली हवा आणि गवताची धूळ दोन्ही रंगावर बसतात. पावसाळ्यात लॅकर सुकताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतला ओलावा त्यावर धरतो आणि रंग दुधाळ होतो. पाऊस उघडलेल्या दुपारी त्यावर सावकाश थिनरचा हलका हात मारला, तर बऱ्याचदा दुधाळपणा जातो. रंगाच्या दुकानातला एनसी थिनर मात्र उघड्या प्लॅस्टिकवर लावू नका. तो पॉलिस्टायरिनच विरघळवतो. डेंटिंग-पेंटिंगवाला दोस्त ‘आमचाच रंग मार की’ म्हणतो, त्याला चहा पाजा आणि निघा.

डेकलचे पांढरे डाग म्हणजे बोअरच्या पाण्यातले क्षार. डेकल बॅटरीच्या पाण्यात, म्हणजे डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा. पंपावर नाहीतर स्पेअर पार्टच्या दुकानात बाटली मिळते. लावून झाल्यावर त्याच पाण्यात बुडवलेल्या मऊ ब्रशनं कडा पुसून घ्या.

विचारलं नाहीत, तरी सांगतो. खिडकीची काच फेविक्विकनं लावू नका. त्याची वाफ काचेवर पांढरी साय धरते आणि ती निघत नाही. साधं फेविकॉल काडीनं लावा, सुकलं की पारदर्शक होतं.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा आहे. सारखा मोबाइल घेऊन बसतो. त्याला पहिलं किट कोणतं द्यावं? चाकू हातात द्यायची भीती वाटते. (धाराशिव)

ताई, बिनगोंदाचं घ्या. भाग एकमेकांत दाबून बसतात, प्लॅस्टिकलाच रंग असतो. एअरफिक्सच्या क्विकबिल्ड मालिकेत बीटल आहे, ठोकळ्यांसारखी जोडायची. आओशिमाची १/३२ ची जिम्नी थोडी पुढची पायरी आणि दिसायला खरी. तिच्यासाठी चाकू नको, नखं कापायचं नेलकटर पुरतं. काउंटाश त्याला कितीही आवडली तरी पहिल्याच वेळी देऊ नका. त्या गाडीच्या दारांची बिजागरं मोठ्यांनाही रडवतात.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी बांधलेली मस्टँग कपाटातून काढली, तर टायर रिमला चिकटून रिम वितळल्यासारखं झालंय. उन्हामुळं का? (हिंगोली)

उन्हानं वेग वाढवला, मूळ दोषी टायर. टायर मऊ राहावा म्हणून व्हिनाइलमध्ये जो तेलकट पदार्थ घालतात, तो हळूहळू बाहेर येऊन शेजारच्या पॉलिस्टायरिनला खातो. जुन्या अमेरिकन किटमध्ये हे जास्त होतं. डबा विकत आणला की टायर आधी काढून वेगळ्या पिशवीत ठेवा. बांधताना रिमच्या कडेवर पातळ ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवा आणि मग टायर चढवा. सध्याच्या रिमचा वितळलेला भाग घासून, पुट्टी भरून निघेल. क्रोम मात्र जाईल, तिथं चंदेरी रंग मारा.