टेकडीवरचे ‘बारीक हिरवट पक्षी’ ओळखायचे कसे?

ऑक्टोबरपासून फिरताना झाडांत बारीक हिरवट-तपकिरी पक्षी दिसतात, पण दुर्बीण लावेपर्यंत पसार होतात, अशी तुमची अडचण आहे. पुण्याच्या टेकड्यांपुरतं सांगतो.

आधी रंगाचा नाद सोडा. हे वटवटे, म्हणजे वॉर्बलर, रंगाने जवळपास सारखेच. आवाज, जागा आणि शेपटी बघा. झाडाच्या शेंड्यात पानापानांतून किडे टिपत, क्षणभरही न थांबता ‘चि-स्वी’ करणारा बहुधा ग्रीनिश वॉर्बलर. त्याच्या पंखावर एक बारीक फिकट पट्टी असते. पिसं झिजली की तीही जाते, म्हणून पट्टी दिसली नाही तरी नाव खोडू नका. घाणेरीच्या जाळीतून नुसतं ‘चक्… चक्’ येतंय आणि पक्षी काही बाहेर येत नाही? मग ब्लिथ्स रीड वॉर्बलर: सपाट तपकिरी, पट्टी नाही. शेपटी झटक्यात वर उचलून ‘टर्रर्र’ करणारा, शेपटीच्या मुळाशी दोन्हीकडे पांढरा असलेला तो रेड-ब्रेस्टेड फ्लायकॅचर. गळ्याचा केशरी रंग फक्त प्रौढ नराला, त्यामुळे बरेच जण मादीला वटवट्या समजून मोकळे होतात.

ओढ्याकाठी काळा-पांढरा धोबी दिसला तर कपाळ बघा. पांढरं असेल तर पाहुणा. काळं कपाळ आणि ठळक पांढरी भुवई म्हणजे मोठा धोबी, तो बारमाही इथलाच.

दुर्बीण ८ बाय ४२ घ्या, म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची. १० पटीची हातात जास्त हलते आणि तिचं दृश्यक्षेत्र बहुधा लहान असतं. अशा चंचल पक्ष्यांच्या बाबतीत हेच नडतं. डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर फोकस करा, मग उजव्या डोळ्यापुरता त्या बाजूच्या कड्याने जुळवा. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबरी कप खाली. पक्ष्यावरची नजर न काढता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. मान खाली घातली की पक्षी गेलाच.

चालण्याचा वेग मात्र मोडावा लागेल. उन्हं शेंड्यावर आली की किडे हलतात, तेव्हा ऊन पाठीशी घेऊन एकाच झाडाखाली दहा मिनिटं थांबा. शिकारी पक्षी मात्र हवा तापल्यावर, सकाळी नऊनंतर बघा.

आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन अ‍ॅप जरूर वापरा, पण त्याच्या भरवशावर नोंद करू नका. कोतवाल पक्षी शिक्र्याच्या (छोट्या शिकारी पक्ष्याच्या) आवाजाची हुबेहूब नक्कल करतो, आणि अ‍ॅप शिक्रा दाखवून मोकळं होतं.