देवाच्या नावावरचा वाडा: वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरे

मृग जवळ आला की जुन्या नाशकातल्या दारांवर महापालिकेच्या नोटिसा चिकटतात आणि माझ्याकडे तेच ते प्रश्न यायला लागतात. वाडा नाहीतर धर्मशाळा. मालमत्ता पत्रकावर देवस्थानाचं नाव. खाली दोन-चार जुने भाडेकरू, वरचा मजला कबुतरांना सोडून दिलेला. गेल्या महिन्याभरातले काही प्रश्न इथे घेते. मी जुन्या लाकूड-मातीच्या इमारतींचं काम करणारी अभियंता आहे. कायद्याचं जे सांगेन ते कामाच्या ओघात शिकलेलं आहे, तेव्हा कशावरही सही करण्याआधी वकिलाला कागद दाखवा.

वाडा देवस्थानाचा आहे, म्हणून महापालिकेचा स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, नियम त्याला लागू नाही, असं पुजारी सांगतात. खरं का? (रविवार पेठ)

नाही. महानगरपालिका अधिनियमाचं कलम 265 अ तीस वर्षांवरच्या इमारतीला लागू होतं, मालक कोणीही असो.

आम्ही तीन पिढ्यांचे भाडेकरू. भाडं महिना 40 रुपये. ट्रस्टी म्हणतात, एवढ्या भाड्यात दुरुस्ती कशी करायची? आम्हीच खर्च केला तर चालेल का? (भद्रकाली)

भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 14 प्रमाणे घर दुरुस्त ठेवणं मालकाचं काम आहे. पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्याने ते केलं नाही, तर भाडेकरूला स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. पण एका वर्षात वळता करायची मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याएवढीच. तुमचं वर्षाचं भाडं 480 रुपये, म्हणजे 120 रुपये. तेवढ्यात गवंडी चहा पिऊन परत जाईल.

म्हणून ट्रस्टशी लेखी समझोता करा. कोणतं काम, कोणाच्या खर्चाने, आणि या खर्चामुळे ना मालकी बदलते ना भाडेहक्क, एवढं त्यात स्पष्ट हवं. ट्रस्टी दादच देत नसतील तर सहधर्मादाय आयुक्तांचं कार्यालय नाशकातच आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 अ खाली आयुक्त विश्वस्तांना निर्देश देऊ शकतात. मात्र कायद्यातल्या 'हितसंबंधित व्यक्ती'त त्या देवळात नेमाने दर्शनाला जाणारा भाविक बसतो. नुसता भाडेकरू म्हणून गेलात तर तो वाद भाड्याच्या कोर्टाचा ठरण्याची शक्यता जास्त. अर्ज कसा लिहायचा हे धर्मादायची कामं करणाऱ्या वकिलाकडून समजून घ्या.

आमची धर्मशाळा गोदाकाठी आहे. सिंहस्थाआधी भिंतींना सिमेंटचा गिलावा, वर पुट्टी-रंग आणि वरच्या मजल्यावर कोबा करून फरशी बसवायची, असं ठेकेदाराने सुचवलं आहे. यात्रेकरूंची सोय होईल. विश्वस्त मंडळाने मंजुरी दिली आहे, फक्त तुमचं मत हवं. (एक विश्वस्त, पंचवटी)

माझं मत असं, की ती मंजुरी आजच थांबवा.

तुमची भिंत कशी आहे ते आधी पाहा. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर दोन-अडीच फूट जाडीची वीट आणि माती, बाहेरून चुन्याचा गिलावा. ही भिंत जमिनीतून ओल ओढते आणि चुन्यातून ती हवेत सोडते. दीडशे-दोनशे वर्षं तिचा हाच क्रम चालला आहे. सिमेंट ती वाट बंद करतं. आतली ओल बाहेर पडू शकत नाही, म्हणून ती वर चढते. जिथे कधी पाणी पोचलं नव्हतं तिथे, म्हणजे तुळईचं टोक भिंतीत शिरतं त्या खोबणीत पोचते. सागवान कितीही जुनं आणि पक्कं असलं, तरी पाचवा हिस्सा ओल धरून बसलं की त्याला बुरशी लागतेच. बाहेरून मात्र सगळं गुळगुळीत आणि पिवळं-केशरी दिसत राहतं. दोन-तीन पावसाळ्यांनी लोणा, म्हणजे भिंतीतला क्षार, फुटतो, गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो आणि सुटताना विटेचं तोंड घेऊन जातो.

अशाच एका धर्मशाळेत मला बोलावलं होतं. गिलाव्याला पुरती चार वर्षंही झाली नव्हती. मधल्या खणाची तुळई थोडी झुकली आहे, एवढीच तक्रार होती. भिंतीलगत गिलावा फोडला आणि तुळईच्या टोकात स्क्रू ड्रायव्हर लावला, तर तो मुठीपर्यंत आत गेला, लोण्यात गेल्यासारखा. खालच्या ओसरीवर त्या वेळी बायका वाती वळत बसल्या होत्या. त्यांना उठवून तासाभरात टेकू लावले. ती ओसरी अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. सिमेंटबद्दल मी इतकी चिडून बोलते त्याचं कारण ती आहे.

आता कोब्याचं. दहा बाय दहाच्या खोलीत चार इंची कोबा म्हणजे सव्वादोन टन वजन, फरशी वेगळी. ते तुम्ही जुन्या कडीपाटावर, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांच्या तक्तपोशीवर, ठेवणार आणि त्यावर पर्वणीच्या रात्री शे-दीडशे माणसं झोपवणार. शंभर माणसांचे सहा टन धरा. खालच्या तुळया भिंतीत कशा टेकल्या आहेत हे तुमच्या ठेकेदाराने एकदा तरी उघडून पाहिलं आहे का? पाहिलं नसेल तर वरचा मजला यात्रेकरूंना देऊच नका, भक्तांनी कितीही आग्रह केला तरी.

मंजूर झालेले पैसे आधी छपरावर घाला. नाशिक शहरात वर्षाकाठी साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या छपरावर त्याचं 65 हजार लिटर पाणी होतं, टँकरच्या भाषेत दहा हजारी साडेसहा टँकर. पन्हाळ एकाच जागी कुजली असेल तर यातलं बरंचसं पाणी दर वर्षी एकाच कोपऱ्यात उतरतं. वाडे म्हातारपणाने पडत नाहीत. ते त्या कोपऱ्यातून पडायला लागतात. सरकलेली कौलं, फाटके पत्रे, पन्हाळ, जोत्याभोवती साचणारं पाणी, चौकातली तुंबलेली मोरी आणि भिंतीतला पिंपळ एवढं आधी. पिंपळ नुसता छाटून उपयोग नाही आणि जाड मूळ ओढून काढाल तर भिंत सोबत येईल. ते काम माहितगार माणसासमोरच करा.

'चुना आता मिळत नाही' हे ठेकेदाराचं पेटंट उत्तर आहे. चुना मिळतो. त्याला भिजवून मुरवायला किमान पंधरवडा लागतो, महिना मिळाला तर उत्तम. मग वाळू आणि विटेची भुकटी घालून तो मळायचा, बेलफळ, गूळ, हिरडा यांचं पाणी घालायचं, आणि लावल्यावर आठवडाभर ओला ठेवायचा. सिमेंटचा गिलावा चार दिवसांत होतो आणि बिल पाचव्या दिवशी निघतं, चुना न मिळण्याचं खरं कारण एवढंच.

शिवाय तुम्ही गोदाकाठी आहात. 2008, 2016 आणि 2019 या वर्षी पुराचं पाणी तुमच्या रांगेतल्या जोत्यांवर चढलेलं आहे. पुरात भिजलेली मातीची भिंत बऱ्याचदा पाणी ओसरल्यावर, वाळताना बसते. ती वाळायला मोकळी हवी. सिमेंटच्या सालीत ती महिनोन्‌महिने ओलीच राहते.

जुन्या इमारतींची माहिती असलेल्या संरचना अभियंत्याकडून पाहणी करून घेतल्याशिवाय एक पोतंही उतरवू नका. सिंहस्थाला वेळ कमी आहे हे मला कळतं. वेळेत झालं नाही, तर इमारत बंद ठेवून अंगणात मांडव घाला.

एका विकसकाने स्वखर्चाने ऑडिट करून दिलं. माणूस तासाभरात आला आणि गेला. अहवालात 'सी-1' लिहिलं आहे. विश्वस्त म्हणतात, आता पाडण्याशिवाय इलाज नाही, विकसकच नवीन बांधून देईल. आम्ही काय करावं? (मेनरोडजवळचे दुकानदार)

आधी अहवाल मागून घ्या आणि वाचा. सी-1 म्हणजे अतिधोकादायक, तात्काळ रिकामी करून पाडण्याची इमारत. सी-2 अ म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-2 ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-1 आणि सी-2 अ यांत वाडा राहतो की जातो एवढा फरक आहे. तो तासाभराच्या भेटीत ठरत नाही.

मातीच्या भिंतीला रिबाउंड हॅमर लावून आकडे भरलेले अहवाल मी पाहिले आहेत. ते यंत्र सिमेंट काँक्रीटची ताकद अजमावण्यासाठी आहे. लाकडी चौकटीच्या वाड्यात तुळयांची टोकं उघडून पाहावी लागतात, खांब तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडावर, कसा बसला आहे ते पाहावं लागतं, आणि भिंत किती फुगली हे ओळंबा लावून मोजावं लागतं. तुमच्या अहवालात यातलं काहीच नसेल, तर महापालिकेच्या नोंदणीतल्या दुसऱ्या अभियंत्याकडून स्वतंत्र अहवाल करून घ्या आणि तो विभागीय कार्यालयात लेखी दाखल करून पोच घ्या. पाडण्यात ज्याचा फायदा, त्याच्या पैशातून आलेल्या अहवालावर कोणीही विसंबू नये, विश्वस्तांनीसुद्धा.

पण हेही ऐका. दुसऱ्या अहवालातही सी-1 आलं तर जागा सोडा. हक्कासाठी छताखाली बसून राहू नका. इमारत पाडली म्हणून भाडेहक्क आपोआप संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितलं आहे. बाहेर पडण्याआधी आपल्या गाळ्याचं क्षेत्रफळ महापालिकेकडून मोजून लेखी घ्या, भाडेपावत्या आणि वीजबिलं जपा.

आणि 'विकसकच बांधून देईल' हे विश्वस्तांना परस्पर ठरवता येत नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 36 प्रमाणे ट्रस्टची जागा विकायला, बदलून द्यायला, किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती नसेल तर व्यवहार वैध नाही. प्रस्ताव दाखल झाला आहे का ते विचारा. ट्रस्टचा परिशिष्ट एकचा उतारा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातली ट्रस्टची नोंद, तीही काढा. त्यावर कधीच वारलेल्या विश्वस्तांची नावं असतील, तर सही करणारे कोण हा प्रश्न आधी सुटायला हवा. पुढचं वकिलाबरोबर बसून ठरवा.

वाळवीवर दर वर्षी फवारणी करतो. पुरे ना? (गंगापूर रोड)

नाही. ओल थांबवा, मग फवारा.

आमची इमारत दर्ग्याच्या वक्फची आहे. अर्ज धर्मादाय आयुक्तांकडेच करायचा का? (जुने नाशिक)

नाही, राज्य वक्फ मंडळाकडे. स्थानिक मुतवल्लींशी, म्हणजे वक्फचा कारभार पाहणाऱ्यांशी, लेखी पत्रव्यवहार आधी करा. इमारतीबद्दल वर लिहिलेलं सगळं तुम्हालाही तसंच लागू आहे.

हेरिटेज यादीत नाव आलं तर खिळासुद्धा ठोकता येत नाही, म्हणून आमचे विश्वस्त यादीला विरोध करत आहेत. (एक भाविक)

ही ऐकीव गोष्ट आहे आणि तिच्यामुळे बरेच वाडे गेले. महापालिकेच्या यादीतल्या वारसा इमारतीची दुरुस्ती परवानगीने करता येते. राज्य संरक्षित स्मारकाचा कायदा वेगळा आणि जास्त कडक आहे, पण तिथेही कामं होतात. पेशवेकालीन सरकारवाड्याची झाली, 1756 च्या सुंदरनारायण मंदिराचे झिजलेले दगड बदलण्याचं काम पुरातत्त्व विभागाने हाती घेतलं. तुमची इमारत कोणत्या यादीत, कोणत्या श्रेणीत आहे ते नगररचना विभागातून लेखी घ्या, मग वारसा जतनाचं काम जाणणाऱ्या वास्तुविशारदाला विचारा.

भिंतीला तडा गेला आहे, फोटो पाठवत आहे. धोका आहे का? (सात वाचकांचा हाच प्रश्न)

फोटोवरून मी सांगणार नाही, आणि जो सांगेल त्याचं ऐकू नका. तड्यावर आडवी काचेची पट्टी चुन्याने किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसने दोन्ही बाजूंना चिकटवा, शेजारी तारीख लिहा. काच फुटली तर भिंत अजून हलते आहे. अभियंत्याला बोलावायचं ते मात्र काच फुटायची वाट न पाहता.

काल लागणारं दार आज अडकू लागलं, छतातून माती झरू लागली, रात्री लाकूड करकरू लागलं किंवा भिंतीला पोट आलं, तर अभियंत्यालाही फोन करत बसू नका. घरातल्या सगळ्यांना, म्हाताऱ्यांना आधी, बाहेर काढा आणि 101 लावा. दागिने, देव, कागदपत्रं यांसाठी कोणीही परत आत जायचं नाही.