केना आणि दुधी तणनाशकाला दाद देत नाहीत, काय करावे?

प्रश्न (हिंगोली जिल्ह्यातील एक शेतकरी) : सहा वर्षांपासून सोयाबीनच घेतोय. इमॅझेथापायर मारलं की रान साफ व्हायचं. दोन वर्षं झाली, केना आणि मोठी दुधी हटत नाही. गेल्या वर्षी औषध बदललं, तरी तेच. यंदा पीक 28 दिवसांचं आहे, फवारणी झाली, तण तसंच उभं. डोस दुप्पट करू का?

उत्तर : दुप्पट अजिबात करू नका. पीक पिवळं पडेल, वाढ खुंटेल, आणि त्यातूनही जे तण वाचेल त्याचंच बी पुढच्या वर्षी रानभर होईल.

आधी फवारणी कशी झाली ते आठवा. तण दोन ते चार पानांवर होतं का? एकरी 200 लिटर पाणी, म्हणजे 15 लिटरचे तेरा पंप लागतात; पुष्कळ जण पाच-सहा पंपांत एकर उरकतात. जमिनीत ओल होती का? हे सगळं नीट असूनही शेजारी-शेजारी, एकाच उंचीच्या दोन दुधींपैकी एक करपलेली आणि एक हिरवीगार दिसत असेल, तर प्रतिकारशक्तीची, म्हणजे तण औषध पचवायला लागल्याची, शंका घ्या. केना मात्र मुळातच चिवट. मोठा झाला की साध्या चुकीनेही वाचतो.

औषध बदललं म्हणता, पण गट, म्हणजे तण मारण्याची पद्धत, बदलला का? दुकानातून नवा डबा आणला तरी ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात काय आहे ते वाचा. इमॅझेथापायर, इमॅझामॉक्स, डायक्लोसुलम ही सगळी एकाच गटातली, तणाच्या एकाच विकरावर (एन्झाइमवर) घाव घालणारी. इमॅझेथापायरसोबत प्रोपाक्विझाफॉप असलेलं मिश्रण आणलं तर तो दुसरा घटक फक्त गवतवर्गीय तण मारतो. दुधीच्या वाट्याला तेच जुनं औषध येतं.

यंदा आता फवारणीवर पैसे घालू नका. वापसा येताच डवरणी करा आणि ओळीतलं तण निंदून काढा. मजुरी परवडत नाही हे मला माहीत आहे, म्हणून निदान जिथे दुधी दाट आहे तेवढे पट्टे तरी सोडू नका. केना उपटून बांधावर किंवा सरीत टाकू नका, पावसात त्याच्या पेऱ्यांना पुन्हा मुळ्या फुटतात. एक झाड मुळासकट काढून माती झटका, जमिनीखालीही पांढुरक्या फुलाफळांचे कोंब दिसतील. केना तिथेही बी धरतो. म्हणून तो गोळा करून शेताबाहेर खड्ड्यातच गेला पाहिजे.

पुढच्या हंगामात पहिल्या पावसावर उगवलेलं तण वखराच्या पाळीने मोडा, मग पेरा. पेरणीनंतर उगवणीपूर्वी सल्फेन्ट्राझोन 28 टक्के + क्लोमॅझोन 30 टक्के हे मिश्रण एकरी 500 ग्रॅम वापरा. केन्यावर ते चांगलं चालतं. नंतर गरज पडलीच तर तण लहान असताना फोमेसाफेन + फ्लुझिफॉप एकरी 400 मिली. यानं सोयाबीनची पानं थोडी करपतात, घाबरू नका, नवी पानं चांगली येतात. तुरीचं आंतरपीक असेल तर मात्र हे फवारू नका. शक्य असेल तर त्या तुकड्यात एक वर्ष ज्वारी किंवा मका घ्या.

आणि दुधीची बोंडं तडकून बी उडण्याआधी, म्हणजे काढणीची वाट न पाहता, उरलेली झाडं उपटा. हार्वेस्टर दुसऱ्याच्या रानातून येत असेल तर तुमच्या बांधावर चढण्याआधी तो झाडून घ्यायला लावा.