आजारातून उठलेला म्हातारा कुत्रा जेवत नाही

प्रश्न : आमच्या ११ वर्षांच्या कुत्र्याच्या उलट्या-जुलाब थांबून दोन दिवस झाले. भांड्याजवळ जातो, वास घेतो आणि तोंड फिरवतो. काय करावं?

उत्तर : त्या क्षणी त्याच्याकडे नीट बघा. ओठ चाटतोय, लाळ गळतेय, सारखा आवंढा गिळतोय? मग भूक आहे, पण मळमळ थांबलेली नाही. अशा वेळी तोंडात घास कोंबू नका. त्या अन्नाचीच त्याला शिसारी बसते. मळमळीचं औषध डॉक्टरांकडूनच घ्या, घरातलं माणसांचं नको.

मळमळ नसेल तर बिनहाडाचं, कातडी काढलेलं उकडलेलं चिकन एक भाग आणि मऊ भात दोन भाग कालवा. मीठ, तेल, कांदा, लसूण अजिबात नको. कोमट द्या, म्हाताऱ्या नाकाला वास लागतो. दोन-तीन चमचेच, दिवसातून पाच-सहा वेळा. पंधरा मिनिटांत खाल्लं नाही तर भांडं उचला. पचलं की नेहमीचं खाणं चार-पाच दिवसांत थोडं थोडं मिसळत न्या. घाई केली की जुलाब उलटतात.

पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही, पुन्हा उलटी झाली किंवा हिरड्या चिकट लागल्या (अंगातलं पाणी कमी झाल्याची खूण) तर थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. या वयात मूत्रपिंड, स्वादुपिंड आणि दातही तपासून घ्यावेत.