'अ फीस्ट फॉर क्रोज' मध्येच अडकलंय. पुढे वाचू की सोडून देऊ?

तुम्ही लिहिलंय की जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या कादंबरीमालिकेची पहिली तीन पुस्तकं दोन महिन्यांत संपवली आणि चौथ्यात, म्हणजे 'अ फीस्ट फॉर क्रोज'मध्ये, दीडशे पानांवर तीन आठवडे अडकून आहात. कुणी म्हणतं मालिकेतलं हे सगळ्यात रटाळ पुस्तक, कुणी म्हणतं सगळ्यात खोल, मग खरं काय समजायचं, असा तुमचा प्रश्न आहे.

सोडू नका, एवढं आधीच सांगतो. मी स्वतः पहिल्या वाचनात या पुस्तकाला भरपूर नावं ठेवली होती. आज मालिकेतलं एकच पुस्तक परत वाचायला घे म्हणालात तर मी हेच घेईन. मधे काय झालं ते सविस्तर लिहितो. तिसरं पुस्तक तुमचं पूर्ण झालंय, म्हणून तिथपर्यंतचं मोकळेपणाने बोलतो. चौथ्यातली मोठी वळणं फोडणार नाही.

आधी लोकांच्या तक्रारीबद्दल, कारण ती खोटी नाही. तिसरं पुस्तक २००० साली आलं. लग्नाच्या मांडवातली ती कत्तल, जॉफ्रीचा मृत्यू, टायविनचा शेवट, सगळं एकाच पुस्तकात. त्यानंतर कथा पाच वर्षं पुढे न्यायची असा मार्टिन यांचा बेत होता. मुलं मोठी होतील, ड्रॅगन मोठे होतील, मग पुढचं सांगायचं. लिहायला बसल्यावर मधल्या पाच वर्षांचं सगळं आठवणींतून सांगावं लागतंय असं दिसलं, म्हणून त्यांनी तो बेत सोडला आणि नव्याने सुरुवात केली. लिहिता लिहिता पुस्तक इतकं वाढलं की एका खंडात मावेना. मग अर्धी कथा सगळ्या पात्रांची असं न करता अर्ध्या पात्रांची सगळी कथा एका पुस्तकात, आणि उरलेल्यांची पुढच्या पुस्तकात, अशी वाटणी झाली. हा तोडगा त्यांच्या एका लेखक मित्राने सुचवलेला.

म्हणून २००५ च्या चौथ्या पुस्तकात टिरियन नाही, डेनेरिस नाही, ब्रॅन नाही. जॉन स्नो सुरुवातीला सॅमच्या प्रकरणात दिसतो तेवढाच. ज्यांच्यासाठी आपण पानं उलटत होतो तेच गायब, आणि त्यांच्या जागी लोहबेटांवरचे काका-पुतणे आणि डॉर्नची राजकन्या. शिवाय काही प्रकरणांना पात्राचं नावही नाही, नुसती बिरुदं. 'प्रेषित', 'रक्षकांचा नायक' वगैरे. पुस्तकाच्या शेवटी लेखकाची एक टीप आहे, की बाकीची मंडळी पुढच्या पुस्तकात भेटतील आणि ते वर्षभरात येईल अशी आशा आहे. ते आलं जुलै २०११ मध्ये.

मिरजेचा माझा एक मित्र या सहा वर्षांचा साक्षीदार आहे. त्याने चौथं पुस्तक आल्या आल्या वाचलं, तेव्हा तो कॉलेजात होता. पाचवं हातात आलं तेव्हा त्याचं लग्न होऊन मुलगी चालायला लागली होती. तो आजही या पुस्तकाबद्दल बोलताना चिडतो, आणि त्याचं ऐकून घेतल्यावर माझ्या लक्षात आलं की त्याचा राग पुस्तकातल्या पानांवर कमी आणि वाट पाहण्यावर जास्त आहे. जेवायला बसवून अर्धं ताट वाढायचं आणि उरलेलं सहा वर्षांनी, असं त्याचं म्हणणं. मी मात्र २०१२ साली, पाचही पुस्तकं बाजारात आल्यावर वाचायला सुरुवात केली. माझं ताट दुसऱ्या दिवशी पूर्ण झालं. उलटसुलट मतांमागे पुष्कळदा हेच असतं. कुणी कधी वाचलं हे विचारल्याशिवाय त्याच्या मताचं वजन कळत नाही. आणि हेच पुस्तक २००६ साली ह्यूगो या विज्ञानकथा-अद्भुतकथांच्या पुरस्काराच्या अंतिम यादीत होतं, म्हणजे नाराजी भरात असतानाच ते मानणारेही होते.

तरीही २०१२ मध्ये मला ते आवडलं नव्हतं. तेव्हाचे माझे आक्षेप आजही मी मागे घेत नाही. लोहबेटांवरची प्रकरणं लांबली आहेत. डॉर्नमध्ये इतकी नवी माणसं एकदम येतात की वंशावळ उघडून बसावं लागतं. आणि ब्रिएन ही योद्धा बाई हरवलेल्या सान्सा स्टार्कला शोधत गावोगाव फिरते, पण सान्सा कुठे आहे हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून तिचं प्रत्येक पाऊल फुकट जातंय असं वाटत राहतं. मी तिची आठपैकी निम्मी प्रकरणं भराभर चाळली आणि पाचव्या पुस्तकाकडे पळालो.

मग २०१९ चा ऑगस्ट आला.

आमचं घर सांगलीत गावभागात, तळमजल्यावर. २००५ च्या पुरात पाणी जिथवर आलं होतं तिथे वडिलांनी भिंतीत एक खिळा ठोकून ठेवला होता. पुस्तकांच्या कपाटाच्या वरच्या दोन फळ्या त्या खिळ्याच्या वर, म्हणून आवडती पुस्तकं तिथे. मालिकेतली पहिली तीनही तिथेच. त्या आठवड्यात सगळ्या गावाच्या तोंडी एकच प्रश्न होता, 'आयर्विनला किती फूट?', म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलं. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथे पोरासोरांनाही पाठ असतं. कोयना धरणातून किती सोडलं, अलमट्टी धरणातून किती जातंय, यावर रात्री काढल्या. पातळी ५७ फुटांच्या वर गेली. आम्ही आधीच विश्रामबागला बहिणीकडे गेलो होतो. परत आलो तेव्हा पाण्याची रेघ खिळ्याच्या जवळजवळ चार फूट वर होती. वरच्या फळ्यांवरची पुस्तकं फुगून एकमेकांत घट्ट बसली होती, एक ओढायला गेलं की फळीच हलायची. तीनही खंड गेले.

चौथं तेवढं पुरातून बचावलं, कारण भाचीने ते महिनाभर आधी वाचायला नेलं होतं आणि तिलाही ते पुढे जाईना म्हणून तिच्या टेबलावर पडून होतं. बहिणीकडे वीज नव्हती तेव्हा मोबाईलच्या उजेडात, बॅटरी पुरेल तेवढी पानं, मी तेच वाचत होतो. दुसरं काही हाताशी नव्हतं.

पूर असतो तोवर होड्या असतात, हेलिकॉप्टर असतं, कॅमेरे असतात. पाणी उतरलं की ते सगळं निघून जातं आणि गाळ राहतो. घोटाभर, चिकट, कुजका वास येणारा. दारं फुगून चौकटीत बसत नाहीत. फ्रिज आडवा होऊन स्वयंपाकघराच्या दारात अडकलेला. गल्लीत दोन्ही बाजूंना गाद्या, लग्नातल्या अल्बमचे गठ्ठे, हार्मोनियम, सगळं एकाच रंगाचं झालेलं. बाहेरगावची माणसं खराटे घेऊन आली, त्यांचे उपकार विसरणार नाही. मग पंचनामा. तलाठी दारात उभा राहून विचारतो, काय काय गेलं? आणि आई सांगत असते. डबे, चादरी, देवघरातली समई. सांगता सांगता ज्याचा पंचनामा होत नाही असंही काहीबाही सांगून जाते.

दिवसभर गाळ काढून रात्री परत पुस्तक उघडलं तेव्हा ब्रिएनची प्रकरणं मला वेगळीच दिसली. सान्सा सापडेल की नाही हा त्यातला प्रश्नच नाही. ती बाई घोड्यावरून उद्ध्वस्त मुलखातून चालली आहे आणि वाटेत जो भेटेल तो आपलं काय गेलं ते सांगतो आहे. जळकी गावं, बंद पडलेल्या खानावळी, झाडांना टांगलेली माणसं. तो लढाईचा पंचनामा आहे. पहिल्या तीन पुस्तकांत राजे लढले, ते आपण श्वास रोखून वाचलं. त्या राजांच्या पायाखाली कोण आलं ते चौथ्यात कळतं.

तिच्या पाचव्या प्रकरणात मेरिबाल्ड नावाचा एक धर्मगुरू भेटतो. अनवाणी चालतो, बरोबर एक कुत्रा आणि एक गाढव, आणि वर्षानुवर्षं त्याच गावांतून त्याच फेऱ्या. लढाईतून पळालेल्या माणसांबद्दल, जे आता लुटारू झालेत त्यांच्याबद्दल, तो दीड-दोन पानं बोलतो. शेतातली पोरं हातात जे येईल त्याचा भाला करून, भावांबरोबर, बापाबरोबर, गाणी म्हणत कशी निघतात. पहिली लढाई कशी जाते, मग दहावी, मग शंभरावी, पायातले जोडे मेलेल्यांचे कसे होतात आणि एका दिवशी आतून काय तुटतं. शेवटी कुणीतरी विचारतं, तुम्ही किती वर्षांचे होतात? तेव्हा कळतं की तो स्वतःचंच सांगत होता. 'नऊ पैशांचे राजे' असं त्या लढाईचं नाव, म्हणजे नावात राजेही आहेत आणि पैसेही आहेत, पण त्याने म्हणे ना कधी राजा पाहिला ना पैसा कमावला. ते प्रकरण मी त्या रात्री दोनदा वाचलं.

पुस्तकाच्या नावाकडे आपण मराठी माणसांनी तर जास्तच लक्ष द्यायला हवं. कावळ्यांची मेजवानी. रणात पडलेल्यांवर जमणारे कावळे, हा त्यांचा अर्थ. पण आपल्याकडे दहाव्याला कृष्णाकाठी पिंड ठेवून माणसं लांब उभी राहतात आणि कावळा शिवायची वाट बघतात. शिवला नाही की गेलेल्याच्या मनात काय राहिलं असेल ते एकेक जण मोठ्याने बोलून बघतो. मुलीचं लग्न करू, घर विकणार नाही, अशी वचनं तिथे दिली जातात. या पुस्तकातली जवळजवळ सगळी माणसं अशीच उभी आहेत. ब्रिएन मेलेल्या बाईला दिलेलं वचन घेऊन फिरते आहे. जेमी उजवा हात तुटल्यावर, जिभेशिवायच्या एका जल्लादाबरोबर रात्री लपून डाव्या हाताने तलवार शिकतो आणि एका मेलेल्या शत्रूच्या घराला दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणून धडपडतो. जेमीची जुळी बहीण, राणी सर्सी, हिच्या मानेवर बापाचं, टायविनचं, भूत आहे.

सर्सीबद्दल थोडं जास्त लिहितो. तीन पुस्तकं तिला आपण बाहेरून बघितलं. इथे पहिल्यांदा तिच्या डोक्यात शिरायला मिळतं, दहा प्रकरणं. बापासारखं राज्य करायचं म्हणते, आणि शहाण्या माणसांना एकेक करून दूर सारून होयबांना जवळ करते. दारू वाढत जाते. राज्यावरचं कर्ज मिटवण्यासाठी ती एक निर्णय असा घेते की वाचताना आपणच तिला थांबवायला बघतो. सत्ता हातात असलेला माणूस भीतीने कसा पोखरला जातो हे इतक्या जवळून मी दुसऱ्या कुठल्या कादंबरीत वाचलेलं नाही. ज्यांना हे पुस्तक 'काहीच घडत नाही' असं वाटतं त्यांनी नुसती सर्सीची दहा प्रकरणं सलग वाचावीत.

आणि युद्धानंतरचं सांगणं लांबतं म्हणून आपण तरी तक्रार करू नये. महाभारतात अठरा दिवसांचं युद्ध भीष्म, द्रोण, कर्ण, शल्य या पर्वांत होतं. त्यानंतर स्त्रीपर्व आहे, त्यात गांधारी आणि सगळ्या विधवा कुरुक्षेत्रावर आपापली माणसं शोधत फिरतात. आणि अठरा पर्वांत सगळ्यात मोठं कोणतं, तर शांतिपर्व. कीर्तनात आपण अभिमन्यूपाशी रडतो, कर्णाच्या चाकापाशी थांबतो, पुढचं ऐकायला फारसं कुणी बसत नाही. पण ज्याने ते रचलं त्याला पुढचं सांगायचंच होतं.

आता तुमच्या अडकण्याबद्दल. चौथ्या-पाचव्या पुस्तकातली प्रकरणं एकमेकांत गुंफून वाचायचे क्रम वाचकांनी तयार केले आहेत, ते तुम्हाला कुणीतरी सुचवेल. पहिल्या वाचनाला ते घेऊ नका. या पुस्तकाचा करडा रंग मधे मधे टिरियन आला की पुसला जातो. दुसऱ्यांदा वाचाल तेव्हा जरूर करून बघा. लोहबेटांवर कंटाळा आला तर वेग वाढवा, काही बिघडत नाही. जॉन, डेनेरिस, टिरियन पाचव्यात भरभरून आहेत, आणि त्याच्या उत्तरार्धात चौथ्यातली काही माणसंही परत येतात, म्हणजे तुमचे धागे तुटणार नाहीत. सहाव्याची वाट मात्र सगळ्यांनाच बघावी लागते आहे, त्याला तुमचा-माझा इलाज नाही.

दीडशे पानांवर आहात म्हणजे ब्रिएनची एक-दोन प्रकरणंच झाली असतील. तिचं एकही चाळू नका, मी केलेली चूक तीच. निदान पाचव्यापर्यंत जा, त्या अनवाणी म्हाताऱ्याचं बोलणं संपेपर्यंत. त्यानंतरही मन लागलं नाही तर खुशाल बंद करा, आणि इथे खाली लिहा. मी वाचेन.