टाचण्यांच्या उशीत काय भरावे?

प्रश्न : मी घरी शाळेचे गणवेश शिवते. जुन्या टर्किश टॉवेलच्या तुकड्यात कापूस आणि वजनासाठी मूठभर तांदूळ भरून टाचण्यांची उशी केली. पण चार महिन्यांतच सुया गंजल्या आणि तांदळात सोंडे झाले. सोलापूरची हवा एवढी कोरडी असताना असे का व्हावे? घरातल्या टाकाऊ वस्तूंतून टिकाऊ उशी कशी करावी?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : हवा कोरडी असली, तरी उन्हाळ्यात पारा चाळिशीपुढे गेला की शिवणाऱ्या बोटांना घाम सुटतो, त्यातील क्षार सुईवर राहतात आणि कापूस तो ओलावा शोषून धरून ठेवतो. म्हणून आधी कापूस बदलावा.

त्याच्या जागी मेंढीची लोकर भरावी, कारण तिच्यात नैसर्गिक स्निग्धांश असतो आणि तो सुयांना लागून त्यांना गंजण्यापासून वाचवतो. आपल्याकडे बऱ्याच घरांत माळ्यावर जुनी घोंगडी पडून असते. तिची फाटकी कड या कामासाठी फार मोलाची आहे. मात्र घोंगडीला चिंचोक्यांची खळ दिलेली असते आणि खळीमुळे कीड लागू शकते, म्हणून तो तुकडा कोमट पाण्यात भिजवून चोळावा, दोन दिवस कडक उन्हात वाळवावा आणि मग बारीक कातरावा. साबण अजिबात लावू नये, कारण त्याने स्निग्धांशच निघून जातो. जुना स्वेटर वापरायचा असल्यास त्याचा एक धागा चिमट्यात धरून जाळून पाहावा : केस जळल्यासारखा वास येऊन राख सहज चुरली तर ती लोकर, वितळून कडक मणी झाला तर ते ॲक्रिलिक, आणि त्याचा येथे उपयोग नाही.

टॉवेलच्या फाशांत टाचण्या अडकतात. त्यापेक्षा तुमच्याकडे उरणारी गणवेशाची घट्ट विणीची कतरण अधिक चांगली. तिचा साधारण 16 सेंटिमीटर व्यासाचा गोल कापून कडेने दुहेरी दोऱ्याचा धावदोरा घालावा, दोरा ओढत लोकर ठासून भरावी आणि उशी कच्च्या कैरीसारखी टणक लागली की गाठ मारावी. पोकळ राहिली तर सुया आत गडप होतात. वजनासाठी तांदूळ नकोतच. बूड चेपलेल्या जुन्या स्टीलच्या वाटीत उशी चिकटवली की ती जागची हलत नाही.

गंजलेल्या सुया मात्र नव्या उशीत खोचू नयेत, कारण पांढऱ्या शर्टावर पडलेला गंजाचा डाग साबणाने जात नाही.